शेतकऱ्याची चिमुकली मैत्रीण

विद्यार्थी मित्रांनो, गांधीलमाशी म्हटले की तुम्हांला काय आठवते? छपराखाली लटकणारे पोळे, पिवळा-तांबडा रंग, बारीक कंबर आणि ठणका लावणारा डंख! उर्दूत हिला ‘भिड’ म्हणतात. भिड दिसली की आपण चार पावले दूरच जातो. पण गांधीलमाशीच्या मोठ्या गोतावळ्यात अशाही हजारो जाती आहेत, की ज्या माणसाला कधीच डंख करीत नाहीत. त्या पोळे बांधत नाहीत, की घोळक्याने राहत नाहीत. त्यांपैकी कित्येक इतक्या लहान असतात, की या पानावरच्या पूर्णविरामावर एक येऊन बसली, तर तो जेमतेम झाकला जाईल.

या चिमुकल्या माश्यांकडे आपले लक्षही जात नाही. मात्र शेतकऱ्यासाठी त्या रात्रंदिवस काम करीत असतात. पिकांची नासाडी करणाऱ्या किडींचा त्या नाश करतात. हे काम त्या कसे करतात आणि त्यांनी आपल्या देशातील शेतकऱ्यांना एका मोठ्या संकटातून कसे सोडवले, हे आपण या पाठात पाहू.

प्रथम त्यांची राहणी समजून घेऊ. उवा, गोचीड, जंत हे जीव दुसऱ्या प्राण्याच्या अंगावर किंवा पोटात राहतात आणि त्याचे रक्त किंवा अन्न चोरतात. त्यांना परोपजीवी म्हणतात. ज्याच्या जिवावर ते जगतात, त्याला यजमान म्हणतात. यजमान म्हणजे तुमच्या भाषेत मेजबान. परोपजीवी आपल्या यजमानाला त्रास देतो, पण सहसा ठार मारीत नाही. यजमान मेला तर त्याचेच हाल होतील.

आपल्या या माशीची रीत मात्र वेगळी आहे. मादी माशी पिकावरची एखादी कीड शोधून काढते. आपल्या शरीराच्या टोकाशी असलेली सुईसारखी नळी ती किडीच्या अंगात खुपसते आणि आत अंडे घालते. काही वेळाने अंड्यातून अळी बाहेर येते. ती किडीला आतून खाऊ लागते. कीड मरते, तिची नुसती साल उरते. त्या सालीच्या आतच अळीचा कोष होतो. शेवटी कोषातून नवी माशी तयार होते, सालीला एक गोल भोक पाडते आणि बाहेर उडून जाते. मेहमान वाढला आणि मेजबान संपला, असाच हा प्रकार! अशा माशीला परजीवी गांधीलमाशी म्हणतात.

आता त्या संकटाकडे वळू.

तामिळनाडू राज्यात कोइमतूर नावाचे शहर आहे. सन २००८ मध्ये या शहराच्या परिसरात पपईच्या झाडांवर एक नवीच कीड दिसू लागली. पानांच्या मागे, देठांच्या बेचक्यांत आणि फळांवर कोणीतरी पीठ भुरभुरवावे, तसे पांढरे थर दिसत. जवळून पाहिले की त्या थरात बारीक पिवळसर किडे असत. अशा किडींना मराठीत ‘पिठ्या ढेकूण’ असे नाव आहे. हा ढेकूण आपल्या खाटेतला नव्हे, बरे का! तो माणसाला चावत नाही. तो झाडाच्या कोवळ्या भागात सोंड खुपसून रस शोषतो.

पिठ्या ढेकणाने रस शोषला की पाने आकसतात, पिवळी पडतात आणि गळतात. फळे वाढत नाहीत. शिवाय हा कीटक आपल्या अंगातून गोड, चिकट पाणी सोडतो. त्या चिकट पाण्यावर काळी बुरशी वाढते. पाने काळवंडतात आणि त्यांना ऊन मिळत नाही. काळे, पिठाळ फळ बाजारात कोण घेणार? कीड फारच वाढली, तर पूर्ण झाडच वाळून जाते.

हा कीटक केवळ पपईवर थांबला नाही. त्याने तुती धरली, टॅपिओका धरला, कापूस आणि जास्वंदही सोडली नाही. टॅपिओका हे एक कंदपीक आहे. तुम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल. तो साबुदाणा याच कंदापासून तयार करतात आणि त्याचे कारखाने तामिळनाडूतील सेलम भागात आहेत. कोइमतूरच्या आसपासच्या इरोड, तिरुपूर, सेलम या जिल्ह्यांत दोन वर्षांत ही कीड पसरली. पुढे कर्नाटक, केरळ आणि आपल्या महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंतही ती येऊन पोहोचली.

तुम्ही म्हणाल, औषध फवारायचे आणि मोकळे व्हायचे! शेतकऱ्यांनीही तेच केले. एक औषध झाले, दुसरे झाले, पुन्हा तिसरे झाले. पैसा पाण्यासारखा खर्च झाला, पण कीड हटेना. याचे कारण तिच्या अंगावरच्या पिठात आहे. हे पीठ म्हणजे एक प्रकारचे मेण असते. मेणावर पाणी ठरत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. फवारलेले औषधही त्यावरून ओघळून जाते. मादी आपली अंडी कापसासारख्या पिशवीत घालते. एका पिशवीत शंभरापासून सहाशेपर्यंत अंडी असू शकतात आणि त्या पिशवीत औषध शिरत नाही. वरचे काही किडे मेले, तरी चार दिवसांनी अंड्यांतून नवे किडे बाहेर येतात.

फवारणीने आणखी एक नुकसान होते. शेतात किडींना खाणारे कीटकही असतात. ठिपक्यांचे ढालकिडे तुम्ही पाहिले असतील. ते पिठ्या ढेकूण आणि मावा खातात. विषारी औषधाला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. ते ढालकिड्यांनाही मारते. मग उरलेल्या किडीला कोणाचीच भीती राहत नाही.

सर्वांत मोठी अडचण झाली ती तुतीच्या शेतकऱ्यांची. रेशमाचे किडे तुतीचा पाला खाऊन वाढतात आणि त्यांच्या कोषांपासून रेशीम मिळते. तुतीवर कीड पडली, तर पाला खराब होतो. पाल्यावर विषारी औषध मारले, तर तो पाला खाऊन रेशमाचे किडेच मरतात. फवारावे तरी नुकसान, न फवारावे तरी नुकसान! लहान लहान शेतकऱ्यांचे घर या पाल्यावर चालत होते. पपईच्या कितीतरी बागाही शेतकऱ्यांना स्वतःच्या हातांनी उपटून टाकाव्या लागल्या.

आता एक प्रश्न मनात येतो. ही कीड आली कोठून? आणि तिच्या मूळ देशात ती असाच धुमाकूळ घालीत होती काय?

या पिठ्या ढेकणाचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथे आहे. गंमत अशी, की तेथे त्याने कधी मोठे नुकसान केल्याचे ऐकिवात नव्हते. तो इतका दुर्लक्षित होता, की शास्त्रज्ञांनी त्याचे रीतसर वर्णन करून त्याला नाव दिले, तेच मुळी १९९२ मध्ये! पुढे तो कॅरिबियन बेटांवर गेला. तेथून फ्लोरिडात, मग पॅसिफिक महासागरातील ग्वाम, पलाऊ, हवाई या बेटांवर आणि शेवटी आशिया खंडात आला. रोपे, फळे, फुले यांच्या व्यापाराबरोबर असे बारीक कीटक नकळत देशोदेशी जातात. त्यांना पासपोर्ट कोण विचारणार!

मेक्सिकोत जो कीटक गरीब होता, तो बाहेर पडताच एवढा माजला कसा? याचे उत्तर सोपे आहे. तो एकटाच आला. त्याला मारणारे शत्रू मागे मेक्सिकोतच राहिले. तेथे काही परजीवी गांधीलमाश्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर जगत होत्या आणि त्याची संख्या मर्यादेत ठेवीत होत्या. नव्या देशात त्याला झाडे मिळाली, ऊबदार हवा मिळाली, पण अडवणारे कोणी नव्हते. ज्या गावात पहारेकरी नाही, त्या गावात चोराचे फावणारच!

मग उपायही स्पष्ट झाला. चोर आला आहे, तर त्याच्या मागे पहारेकरीही आणला पाहिजे. एका जिवाच्या मदतीने दुसऱ्या उपद्रवी जिवाला आळा घालायचा, या पद्धतीला ‘जैविक कीड नियंत्रण’ असे म्हणतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याने या कामासाठी मेक्सिकोतील गांधीलमाश्या पूर्वीच शोधून काढल्या होत्या. पोर्टो रिको या बेटावर त्या वाढवल्या जात. ग्वाम आणि पलाऊ या बेटांवर त्या सोडल्या होत्या आणि तेथील कीड आटोक्यात आली होती. भारतीय कृषी संशोधन परिषदेची कीटकांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था बंगळूरला आहे. या संस्थेने २०१० च्या जुलै महिन्यात पोर्टो रिकोहून तीन जातींच्या परजीवी गांधीलमाश्या मागवल्या. त्यांपैकी एकीचे नाव आहे ‘अ‍ॅसिरोफॅगस पपायी’. नाव भले मोठे, पण माशीची लांबी एक मिलिमीटरसुद्धा नाही!

माश्या आल्या, पण त्या लगेच शेतात सोडल्या नाहीत. बाहेरून आलेला पाहुणा चांगला की वाईट, हे आधी पारखून घ्यावे लागते. या बाबतीत घाई केली तर काय होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियात उसावरील भुंगेरे खाण्यासाठी १९३५ मध्ये हवाई बेटांवरून एका जातीचे मोठे बेडूक आणले. या बेडकांनी उसावरील भुंगेऱ्यांचे फारसे काही बिघडवले नाही. उलट जे समोर येईल ते त्यांनी खाल्ले. त्यांच्या अंगात विष असल्यामुळे त्यांना खाणारे तेथील प्राणीच मरू लागले. आणले सुमारे शंभर बेडूक, पण आज त्यांची संख्या कोट्यवधी आहे आणि ते त्या देशाची डोकेदुखी होऊन बसले आहेत.

म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी या माश्यांना प्रथम बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवले. त्यांच्यासोबत दुसरा एखादा रोग किंवा कीटक आला नाही ना, हे पाहिले. त्या रेशमाच्या किड्यांना किंवा दुसऱ्या उपयुक्त कीटकांना त्रास देत नाहीत ना, हेही तपासले. बेडकाच्या पोटाला काहीही चालते, पण या माशीचे तसे नाही. ती आपले अंडे पपईवरच्या या पिठ्या ढेकणातच घालते. दुसरा यजमान तिला चालत नाही. हाच तिचा मोठा गुण आहे. अशी खात्री पटल्यावर आणि सरकारची परवानगी मिळाल्यावर २०१० च्या ऑक्टोबरपासून माश्या शेतांत सोडायला सुरुवात झाली.

एवढ्या मोठ्या भागासाठी मूठभर माश्या पुऱ्या कशा पडणार? त्यासाठी त्यांची पैदास करावी लागली. ही रीतही मजेशीर आहे. बटाट्यांना अंधारात कोंब आणतात. त्या कोंबांवर पिठ्या ढेकूण वाढवतात आणि मग त्यांच्यावर माश्या सोडतात. सुमारे दोन आठवड्यांत माशीची नवी पिढी तयार होते. तामिळनाडू कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्रे आणि रेशीम विभाग यांनी अशा माश्या वाढवल्या आणि शेतकऱ्यांना दिल्या. शेतकऱ्यांना एकच अट घातली होती, ती म्हणजे फवारणी बंद ठेवायची.

विचार करा, ही अट सोपी होती काय? डोळ्यांसमोर पीक वाळत आहे, कीड दिसते आहे आणि कोणी सांगतो, “औषध मारू नका. ही डोळ्यांना धड न दिसणारी माशी झाडावर सोडा आणि थांबा.” पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. अशा वेळी थांबायला धीर लागतो. ज्यांनी धीर धरला, त्यांना काही महिन्यांतच बदल दिसला. पिठ्या ढेकणांच्या रिकाम्या साली पानांवर दिसू लागल्या आणि प्रत्येक सालीवर एक गोल भोक! माशी एका शेतातून दुसऱ्या शेतात स्वतःच उडून गेली. जेथे कोणी सोडली नव्हती, तेथेही ती पोहोचली. पुढच्या वर्षी पपई, तुती आणि टॅपिओका यांची शेते पुन्हा हिरवी झाली. या कामामुळे दक्षिण भारतातील शेतकऱ्यांचा पाच वर्षांत पन्नास कोटी डॉलरहून अधिक फायदा होईल, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. माशीने पिठ्या ढेकूण पूर्णपणे नाहीसा केला नाही. तो आजही आहे. पपईच्या एखाद्या झाडावर तुम्हांला तो सापडेलही. मग माशी त्याला संपवून का टाकत नाही? कारण शेवटचा पिठ्या ढेकूण मेला, तर माशीची पिल्ले कशावर जगतील? कीड वाढली की माश्यांना भरपूर यजमान मिळतात आणि माश्या वाढतात. माश्या वाढल्या की कीड घटते. कीड घटली की माश्याही घटतात. असा हा तराजू खालीवर होत राहतो, पण एक पारडे एकदम खाली जात नाही. यालाच निसर्गाचा समतोल म्हणतात. झाडावर दहा किडे असले, तर शेतकऱ्याचे नुकसान होत नाही. दहा हजार झाले, तरच होते. जैविक नियंत्रणाचा हेतू किडीचे नाव पुसून टाकणे हा नसतो. तिला मर्यादेत ठेवणे एवढाच असतो.

असाच अनुभव आफ्रिका खंडातही आला होता. आपल्याकडे जशी पोळी-भाकरी, तसा तेथील कोट्यवधी लोकांचा टॅपिओका हा रोजचा घास. १९७० नंतरच्या काळात तेथे टॅपिओकावर दुसऱ्या एका जातीचा पिठ्या ढेकूण आला. तो दक्षिण अमेरिकेतून आला होता. शेतेच्या शेते ओस पडू लागली आणि सुमारे २० कोटी लोकांच्या अन्नावर संकट आले. हान्स हेरेन या स्विस शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या किडीच्या शत्रूचा शोध घेतला. १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे या देशात तो सापडला. ती होती एक चिमुकली परजीवी गांधीलमाशी. त्याच वर्षी नायजेरियात ती सोडायला सुरुवात झाली आणि पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत ती पसरली. कीड आटोक्यात आली आणि लोकांचा घास वाचला. या कामाबद्दल हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे हीच कीड २०२० मध्ये आपल्या केरळ राज्यात आढळली. आपल्या शास्त्रज्ञांनी वेळ दवडला नाही. आफ्रिकेतून तीच माशी आणून २०२२ मध्ये ती तामिळनाडूत सोडण्यात आली.

परदेशातून आलेल्या किडीची ही हकिकत झाली. पण ज्या किडी आपल्याच देशातल्या आहेत, त्यांचे काय? त्यांच्याही शत्रू असलेल्या माश्या येथे असतात. मात्र कधी कधी त्यांची संख्या अपुरी पडते. अशा वेळी माश्या प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडतात. महाराष्ट्रातील उसाच्या शेतीत हे काम अनेक वर्षांपासून चालू आहे.

उसावर खोडकिडा नावाची कीड पडते. तिचा पतंग उसाच्या पानांवर अंडी घालतो. अंड्यातून अळी निघते आणि कोवळ्या उसाच्या खोडात शिरते. मग मधला पोंगा वाळून जातो. अळी एकदा खोडात शिरली, की तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. म्हणून अळी जन्मालाच येऊ नये, अशी युक्ती करावी लागते. ही युक्ती ट्रायकोग्रामा नावाच्या माशीला चांगली येते. ही माशी अर्धा मिलिमीटर लांब असते. ती आपले अंडे पतंगाच्या अंड्यातच घालते. अंड्यात अंडे! तिची अळी पतंगाच्या अंड्यातले सत्त्व खाऊन टाकते. ते अंडे काळे पडते आणि त्यातून खोडकिड्याच्या अळीऐवजी ट्रायकोग्रामा माशीच बाहेर येते.

या माश्या वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत साठवणीतल्या धान्यावर पडणाऱ्या एका पतंगाची अंडी वापरतात. हजारो अंडी एका जाड कागदावर डिंकाने चिकटवतात आणि त्यांवर ट्रायकोग्रामा माश्या सोडतात. या कागदाला शेतकरी ‘ट्रायकोकार्ड’ म्हणतात. पोस्टकार्डापेक्षा फार मोठे नसलेल्या एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी मावतात! कार्डाचे तुकडे करून ते शेतात ठिकठिकाणी उसाच्या पानांच्या खालच्या बाजूला टाचतात. हे काम सकाळी किंवा सायंकाळी, ऊन नसताना करतात. कडक उन्हात किंवा मुंग्यांच्या तोंडी पडून अंडी वाया जाऊ नयेत, याची काळजी घेतात. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा नवी कार्डे लावतात.

ही पद्धत म्हणजे सर्व रोगांवरचा एकच रामबाण उपाय आहे, असे मात्र समजू नका. प्रत्येक किडीला अशी माशी सापडतेच असे नाही. माशीला काम करायला वेळ लागतो. शेजारच्या शेतात विषारी फवारणी चालू असेल, तर आपल्या शेतातल्या माश्याही मरतात. म्हणून हे काम एकट्याने होत नाही. साऱ्या गावाने ते मिळून करावे लागते. कधी कधी औषध फवारणे भागच पडते. तेव्हाही गरजेपुरतेच फवारावे आणि मित्रकीटकांना कमी अपाय करील असे औषध निवडावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात.

आणि एक छोटीशी गंमत! पिठ्या ढेकणाचे गोड पाणी मुंग्यांना फार आवडते. त्या गोड पाण्याच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात आणि जवळ आलेल्या माश्यांना हुसकून लावतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली, तर शहाणा शेतकरी वर कीड आहे काय ते पाहतो. तो मुंग्यांची वाट बंद करतो, म्हणजे माशीची वाट मोकळी होते.

मित्रांनो, हे सारे पाहायला शेतातच जायला हवे असे नाही. शाळेच्या अंगणातील जास्वंद किंवा रस्त्याच्या कडेची रुई पाहा. तिच्या पानामागे बहुधा मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडेल. जवळ भिंग असेल तर उत्तम. त्या गर्दीत एखादा किडा फुगलेला, तपकिरी आणि निश्चल दिसेल. त्याच्या पाठीवर एक गोल भोक असेल, तर ओळखा, की येथून नुकतीच एक चिमुकली माशी उडून गेली आहे. रुईचा चीक डोळ्यांना अपाय करतो, म्हणून तिची पाने मात्र तोडू नका.

कीटक म्हटला की तो चिरडायचा, ही आपली सवय आहे. पण प्रत्येक कीटक आपला शत्रू नसतो. कोण शत्रू आणि कोण मित्र, हे ओळखायला आधी थांबून पाहावे लागते. कोइमतूरच्या शेतकऱ्यांनी फवारणीचा पंप खाली ठेवला, तेव्हाच त्या माशीला आपले काम करता आले.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पपईवरील पिठ्या ढेकणाचे मूळ घर कोठे आहे?
(आ) भारतात ही कीड प्रथम कोणत्या शहराच्या परिसरात दिसली?
(इ) ट्रायकोग्रामा माशी आपले अंडे कोठे घालते?
(ई) हान्स हेरेन यांना कोणता पुरस्कार मिळाला?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) पिठ्या ढेकणावर औषध फवारून उपयोग होत नाही.
(आ) तुतीच्या पाल्यावर विषारी औषध मारता येत नाही.
(इ) परदेशातून आणलेल्या माश्या लगेच शेतात सोडल्या नाहीत.
(ई) परजीवी माशी किडीला पूर्णपणे संपवीत नाही.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) परोपजीवी आणि परजीवी गांधीलमाशी यांत कोणता फरक आहे?
(आ) ट्रायकोकार्ड कसे तयार करतात व कसे वापरतात?

प्रश्न ४. पुढील शब्दांना उर्दूत कोणते शब्द आहेत ते लिहा आणि मराठी शब्द वाक्यांत वापरा.
यजमान, पाहुणा, शत्रू, मैत्रीण, रेशीम, धीर

उपक्रम : घराजवळच्या एखाद्या झाडाचे आठ दिवस रोज निरीक्षण करा. त्यावर येणाऱ्या कीटकांची नोंद वहीत ठेवा. त्यांपैकी झाडाला त्रास देणारे कोणते आणि मदत करणारे कोणते, याची वर्गात चर्चा करा.